फक्कीचं घर

बाई आमच्या घरात पहिल्यांदा आल्या त्या कोपरं फाकवून. दोन्ही हात कमरेवर, खांदे ताठ, आणि तशाच सरळ दारातून आत. डावं कोपर चौकटीवर खाडकन आपटलं. दुसरं कुणी असतं तर 'आई गं' म्हणून मटकन बसलं असतं. बाईंनी कोपर चोळत चौकटीकडं रागानं बघितलं आणि मला म्हणाल्या, "अरुंद हाय की हो तुमचं दार. कुणी सांगितलं न्हाय?"

"बाई, दार आम्ही न्हाई केलं. तयार फ्लॅट घेतलाय."

"घेताना डोळं मिटून घेतला काय?"

अजून बसा म्हणायचं होतं, पाणी विचारायचं होतं, आणि ही बाई दाराला नावं ठेवून मोकळी! मला काही ते आवडलं नाही. तसं बाईंचं पुढंही बरंच काही मला आवडलं नाही, आणि आजसुद्धा सगळं आवडतं असं नाही. पण कोपरं फाकवून दारात शिरणारं दुसरं माणूस मी आयुष्यात बघितलं नाही, हेही खरं आहे.

राजारामपुरीतल्या आमच्या जुन्या अपार्टमेंटात बाई तळमजल्यावर राहायच्या आणि आम्ही तिसऱ्यावर. लिफ्ट नव्हती. बाई तंत्रनिकेतनात इमारतींची ड्रॉइंग शिकवून रिटायर झालेल्या. लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, असं एका शेजारणीनं विचारलं तेव्हा "सवड झाली न्हाय, पोरांचं प्लॅन तपासत हुते" एवढंच उत्तर मिळालं. ठेंगणा बांधा, आखूड कापलेले पांढरे केस, सुती साडी आणि पायात पुरुषी बूट. आवाज असा, की त्या खाली फोनवर बोलल्या तर वर आम्हाला सगळी बातमी कळायची. पर्समध्ये कायम मोजायची टेप. स्टँडवरचं बाकडं, दवाखान्याची खिडकी, हॉटेलातलं बेसिन, बाईंनी टेप लावली नाही अशी वस्तू गावात उरली नसेल. एका लग्नात नवरा-नवरी स्टेजवर चढत होती आणि ह्या खाली वाकून स्टेजच्या पायऱ्या मोजत होत्या. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा." तर त्यालाच म्हणाल्या, "ओ पावणं, पहिली पायरी उंच हाय. पोरगी अडखळंल, कॅमेरा ऱ्हाऊ द्या आणि धरा तिला." पोरगी खरंच अडखळली. फोटोग्राफरनं कॅमेरा सोडला नाही, पण फोटो मात्र झकास आला म्हणे.

कुणाच्याही घरी गेल्या की आधी बाथरूम बघायच्या. नुसतं बघायच्या नाहीत. आत जाऊन दार लावून घ्यायच्या आणि आतून ओरडायच्या, "मी हितं पडले हाय असं समजा! आत कसं येणार तुम्ही?" बाहेर घरातली माणसं कावरीबावरी. दार आतल्या अंगाला उघडतं, आत माणूस पडलं की ते त्याच्याच अंगाला अडतं, मग बाहेरच्यानं काय करायचं? हे बाईंनी सांगेपर्यंत कुणाच्या डोक्यात आलेलं नसायचं. सांगितल्यावर मात्र पाहुणचार थंड व्हायचा. आपल्या बाथरूमविषयी एवढं ऐकून घ्यायची कुणाची तयारी असते?

गल्लीत नवीन बंगला झाला की त्यासमोर उभं राहायची त्यांना भारी खोड. फाटकापाशी मोटरसायकल आत न्यायला गुळगुळीत उतार केलेला असायचा आणि शेजारी घरात शिरायला चांगल्या उंच पायऱ्या. "गाडीला उतार आणि आईला पायऱ्या!" बाई मोठ्यानं म्हणायच्या. मालक व्हरांड्यात बसलेला असला तरी फिकीर नाही. एकदा एक मालक तावातावानं बाहेर आला. "काय हो मावशी, काय काम हाय?" "तुमच्याकडं न्हाय, तुमच्या आईकडं काम हाय," असं म्हणून बाई पुढं चालत्या झाल्या. मी बरोबर होतो. मी रस्ता ओलांडून पलीकडच्या कडेनं चालायला लागलो, जसं काही आमची ओळखच नाही.

त्यांच्या वर्गाची गोष्ट मला त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं सांगितली. पहिल्या वर्षाच्या पोरांना कागद-पेन्सिल द्यायच्या आधी बाई मैदानावर न्यायच्या. कबड्डीचं मैदान आखायला ती पांढरी फक्की वापरतात ना, तिचा डबा हातात द्यायच्या. आपापलं घर खऱ्या मापात जमिनीवर आखायचं. भिंती, दारं, मोरी, सगळं. मग त्या घरात वावरायचं. दारानं आत जायचं, दारानंच बाहेर यायचं. एखादा विसरून रेघ ओलांडून निघाला की बाई लांबून ओरडायच्या, "भिंतीतनं कुठं चाललास? भूत हाईस काय?" कागदावर सगळीच घरं चांगली दिसतात, असं त्यांचं म्हणणं. हा विद्यार्थी आता पन्हाळ्याकडं हॉटेलं बांधतो, आणि पाया खणायच्या आधी फक्की मारून सगळ्या खोल्यांतून एकदा फिरून येतो.

माझ्या आईचं आणि बाईंचं जमलं, ह्याचं मात्र आम्हा सगळ्यांना नवल वाटायचं. आई घरातच घसरून पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि तेव्हापासून तिचा जिना सुटला तो सुटलाच. घरातल्या घरात चाकाच्या खुर्चीवर फिरायची. धरून थोडा वेळ उभी राहायची. सुरुवातीला एकदा दवाखान्यात न्यायला चौघांनी उचलून खाली नेली, तर जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली आणि आई किंचाळली. परत वर आल्यावर म्हणाली, "आता मला सारखं वर-खाली करू नका. एकदमच न्या काय ते." हे ती हसत म्हणाली. मला काही हसायला आलं नाही. त्यानंतर डॉक्टरच घरी यायला लागले.

बाई रोज संध्याकाळी तीन मजले चढून आईकडं यायच्या. येताना प्रत्येक पायरीला शिव्या. आल्या की धापा टाकत बसायच्या, आमची ही चहा द्यायची, आणि मग बाई आईला गल्ली सांगायच्या. कुणाकडं पावणं आलेत, कुणाच्या कुत्र्यानं कुणाची चप्पल पळवली, कुठं रस्ता खणलाय. आई डोळे मोठे करून ऐकायची. आमच्या खिडक्यांतून समोरच्या बिल्डिंगची पाठ दिसायची आणि पाण्याच्या टाक्या. गल्ली काही दिसायची नाही. "उद्या जरा लवकर या," आई म्हणायची. "ते तुमच्या जिन्याला सांगा," बाई म्हणायच्या, आणि दोघी हसायच्या.

अशात अपार्टमेंट पाडून नवीन बांधायचं ठरलं. मी पतसंस्थेत नोकरीला, त्यामुळं कागदपत्रं ह्यालाच कळतात असा सगळ्यांचा समज. म्हणून सोसायटीचा सेक्रेटरी मीच, म्हणजे दुसरं कुणी होईना म्हणून मी. बिल्डर मिळाला तो बाईंचाच जुना विद्यार्थी. त्याच्या प्लॅनमध्ये लिफ्ट होती. मला बाकी काही बघायचंच नव्हतं. लिफ्ट झाली की आई खाली उतरणार, माझा हिशोब तिथं संपत होता.

बिल्डरला घाई होती. घरं कशी बांधायची ह्याचे देशभरातले नियम बदलणार, असं तेव्हा पेपरात येत होतं. अजूनही येतं. मसुदा निघाला होता, लोकांकडून सूचना मागवल्या होत्या. दारं रुंद ठेवा, जिना सोपा करा, लिफ्ट मोठी पाहिजे, बाथरूममध्ये चाकाची खुर्ची फिरली पाहिजे, असं त्यात बरंच काय काय होतं. आता एवढं सगळं केलं की खोल्यांतली जागा जाणार. म्हणून बिल्डर म्हणाला, "नवं नियम यायच्या आत आपला प्लॅन पास करून घेऊ. एकदा पास झाला की कोण इचारतंय?" गावात सगळीकडं तेव्हा हीच धांदल होती. आपल्याकडं नवा नियम येणार म्हटलं की लोक त्याची तयारी करत नाहीत, तो यायच्या आत सटकायची तयारी करतात. आम्हा सगळ्यांना ते पटलं. एक बाई सोडून.

आणि सगळ्यांच्या सह्या असल्याशिवाय बिल्डर वीट हलवणार नव्हता. बाकी सगळ्यांनी केल्या. बाई म्हणाल्या, "मी न्हाय करणार. नियम येऊ द्यात, मग बांधा."

"मॅडम, नियम कवा येतील ह्याचा काय नेम हाय काय?" बिल्डर म्हणाला. एवढ्या मोठ्या गाडीतून हिंडणारा माणूस, पण बाईंसमोर खुर्चीच्या कडेवर बसला होता.

"तू कॉलेजात बी पेपर सुटायच्या आधी उठून पळायचास," बाई म्हणाल्या. "बस खाली."

बसलेलाच होता तो, तरी आणखी बसला.

मीटिंगा झाल्या, चहा झाले, आवाज चढले. नियम येईनात आणि बाई ऐकेनात. म्हातारीला जास्त जागा उपटायची असेल, असंही कुणी कुणी बोललं. ते खोटं होतं. पण मला आईची खुर्ची दिसत होती. खिडकीपाशी गेलेली, आणि तिथून टाक्या बघून परत फिरलेली. एक दिवस बाई आईशी गप्पा मारून निघाल्या तेव्हा जिन्यात मी त्यांना गाठलं. म्हटलं, "रोज आमच्यात येता, आमचा चहा पिता, आईला गल्लीच्या गोष्टी सांगता. आणि ती गल्ली तिला दिसू नये म्हणून सही अडवून बसता! काय म्हणायचं ह्याला?"

हे मी बोललो त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. बोलायलाच पाहिजे होतं.

बाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या. पहिल्यांदाच त्या हळू बोलायला लागल्या. "माझे वडील गवंडी हुते, पेठ वडगावात. आमची वस्ती गावाबाहेर. आम्ही बौद्ध झालोतो, पण गावाला ते कुठं पटलं हुतं! वडलांनी एका मोठ्या घराची चौकट बसवली. लई सुंदर बसवली. वास्तुशांतीला त्यांना जेवायला बोलावलं, आणि मागल्या अंगाला बसवलं. जी चौकट त्यांनी बसवली त्या दारानं आत घेतलं न्हाय. मी लहान हुते, बरोबर हुते. वडील म्हणाले, माणसं चांगली हाईत, जेवायला तर बोलावलं." बाईंनी दम घेतला. "तवापासनं मी कुणाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवत न्हाय. कायद्यात लिहिलं असलं म्हंजे मग कुणाच्या मर्जीचा प्रश्न येत न्हाय. माझं दुसरं काय मागणं हाय सांगा."

मग म्हटलं, "पण नियम येईपर्यंत आई राहिली पाहिजे न्हवं बाई?"

बाई कठडा धरत खाली उतरल्या.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी खालून त्यांचा आरडाओरडा ऐकू आला. जिन्यातल्या खिडकीतून वाकून बघितलं. बिल्डिंगशेजारी एक मोकळा प्लॉट होता, तिथं पोरं क्रिकेट खेळायची. पोरांना हाकलून बाई तिथं पदर खोचून उभ्या होत्या. एका हातात बिल्डरचा प्लॅन, दुसऱ्या हातात फक्कीचा डबा. सगळ्यांचे होणारे फ्लॅट एकसारखेच, त्यातला एक त्यांनी खऱ्या मापात जमिनीवर आखला होता. हॉल, स्वयंपाकघर, खोल्या, बाथरूम, बाहेर जिना आणि लिफ्ट. बूट पांढरेफेक झालेले. बिल्डरलाही बोलावून घेतलं होतं, तो गाडीला टेकून कपाळ पुसत होता.

आधी सगळ्यांनी चेष्टा केली. मग हळूहळू एकेक जण आत शिरायला लागला. पहिल्या मजल्यावरच्या काकू फक्कीच्या स्वयंपाकघरात उभ्या राहून कुकर कुठं ठेवायचा ते बघायला लागल्या. काकांनी प्लास्टिकची खुर्ची आणून हॉलमध्ये टाकली आणि पेपर उघडला. कुणीतरी त्यांच्यापुढून गेलं तर ते खेकसले, "ओ, आमचा टीव्ही हाय तिथं!" आणि बाई चहूकडं ओरडत फिरत होत्या, "दारानं या! दारानं! भिंती हाईत त्या!" जिथं एक वीटसुद्धा नाही त्या प्लॉटवर शहाणीसुरती माणसं वळसा घालून दारातून जायला लागली. खाली येऊन बघतो तर मलाही हसू आवरेना.

मग बाई माझ्याकडं वळल्या. "आईंना आणा खाली."

माझं हसू गेलं. "कसं आणणार? माहिती हाय की तुम्हाला सगळं."

"माहिती हाय म्हणूनच म्हणतेय. घर त्यांच्यापायी बांधाय निघालायसा न्हवं? मग त्यांना दाखवा की."

आई आधी नको नको म्हणाली. मग म्हणाली, "बाईंनी बोलावलंय व्हय?" आणि केसांवरून हात फिरवायला लागली. चांगलं लुगडं मागितलं. तिला खुर्चीसकट आम्ही चौघांनी उचललं. एक बाजू बिल्डरनं धरली, म्हणजे बाईंनी त्याला धरायला लावली. प्रत्येक वळणावर खुर्ची तिरकी करायची, कठड्यावरून उचलून घ्यायची. आईनं डोळे गच्च मिटलेले, माझ्या मनगटात तिची नखं रुतलेली. बिल्डर घामानं निथळला. "मॅडम, लईच वाईट जिना हाय ह्यो," तो म्हणाला. खालून बाईंचा आवाज आला, "तुझ्या प्लॅनमधला बी एवढाच हाय!"

खाली आल्यावर आईनं डोळे उघडले. लख्ख ऊन होतं. ती नुसती बघत राहिली. समोरच्या घराचा रंग बदललेला. मग म्हणाली, "हितलं जांभळाचं झाड कुठं गेलं?" झाड तोडून कितीतरी दिवस झाले होते. बाईंनी ती बातमी तेवढी तिला सांगितली नव्हती. मी तोंड फिरवलं.

बाईंनी तिची खुर्ची फक्कीच्या दारापाशी आणली. "या, आत या. तुमचंच घर हाय." पुढच्या दारातून खुर्ची गेली. हॉलमधून गेली. बाथरूमकडं वळली, आणि चाक रेघेवर गेलं. फक्की पुसली. "थांबा," म्हणून बाईंनी रेघ पुन्हा मारली. आईनं स्वतः चाकं फिरवून खुर्ची मागं घेतली आणि पुन्हा वळवली. पुन्हा रेघ पुसली. आता आई इरेला पेटली. ओठ चावून मागं-पुढं करत, तिरकी होत, सगळ्या तऱ्हा करून बघितल्या. बाथरूमच्या दाराच्या जागी नुसता पांढरा धुरळा झाला. शेवटी मांडीवर हात ठेवून आई माझ्याकडं बघून म्हणाली, "न्हाई रं जात. हितं बी मला तूच उचलून न्यायचं काय?"

मी तिला लिफ्टच्या चौकोनाकडं नेलं. ती लिफ्ट, जिच्यापायी मी बाईंशी भांडलो होतो. खुर्ची आत गेली, पण पाय ठेवायची पट्टी बाहेरच राहिली. त्या लिफ्टचं दार काही लागलं नसतं.

"मॅडम, नियमात बसतंय हो हे सगळं," बिल्डर हळूच म्हणाला.

"बसतंय की," बाई म्हणाल्या. "म्हणून तर नियम बदलाय लागलेत."

आणि तिथं सगळ्यांच्या देखत माझं डोकं फिरलं. बिल्डरवर नाही, बाईंवरच. "बाई, तुमचं खरं हाय. पण थांबा म्हणता ते साफ चूक हाय! नियमात जे येणार हाय ते आत्ताच करू की आपण. जुना नियम एवढं तरी ठेवा म्हणतो. ह्यापेक्षा मोठं दार करू नका, असं कुठं म्हणतो?"

बाईंनी डबा खाली ठेवला. "करणार कोण? माणसं आपणहून करत न्हाईत."

"मी करतो. माझ्या हॉलमधली जागा घ्या."

"तुम्ही आईपायी करताय. पण लिफ्ट आणि जिना सगळ्यांच्या जागंतनं जाणार. बाकीच्यांचं काय?"

मी मागं वळून बघितलं. जो तो फक्कीकडं बघत होता. एवढ्यात काका पेपरची घडी घालत उठले. आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि हॉलमध्ये थोडी आत सरकवून ठेवली. "एवढं पुरंल काय बघा," ते म्हणाले. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अजून सरका. माझं बी गुडघं काय चांगलं न्हाईत." मग दुसऱ्या मजल्यावरचे बोलले, मग इतर बोलले. एक गृहस्थ कुरकुरले, ते आजही कुरकुरतात, पण नाही म्हणाले नाहीत.

बाईंनी डबा उचलला. वाकल्या आणि काकांच्या खुर्चीला लागून नवी रेघ मारत गेल्या. रेघ वाकडी गेली. ड्रॉइंग शिकवण्यात आयुष्य गेलेल्या बाईंची वाकडी रेघ मी तेवढी एकच बघितली. बाथरूमही नव्यानं आखलं. आई आत गेली, जागेवर गर्रकन फिरली आणि तोंड पुढं करून बाहेर आली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. बाई एका दगडावर बसल्या आणि फक्कीच्याच हातानं तोंड पुसलं. रडत होत्या की डोळ्यांत फक्की गेली होती, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तोंड पांढरं घेऊन त्या बिल्डरला म्हणाल्या, "सही करते. पण हे सगळं करारात घाल. आजचा चांगुलपणा उद्या ऱ्हात न्हाय."

त्या दिवशी आई दिवस मावळेपर्यंत खालीच बसून होती. जेवणही फक्कीच्या स्वयंपाकघरात केलं. गल्लीतली माणसं भेटून गेली, दारानं येऊन. संध्याकाळी तिला परत उचललं तेव्हा ती मान वळवून गल्लीकडं बघत होती. मला ते वर नेणं फार जड गेलं.

नव्या प्लॅनवर शेवटचा तंटा झाला तो उंबऱ्यावरून, आणि तो घातला आईनंच. दाराला उंबरा असणार नाही, हे तिला काही केल्या पटेना. "उंबरा न्हाई मग लक्ष्मी कुठनं यायची आत?"

"लक्ष्मी चाकाच्या खुर्चीवरनं आली तर?" बाई म्हणाल्या. "तिला काय उचलून घेणार?"

आई विचारात पडली. शेवटी सागवानी पट्टी फरशीच्या पातळीत जमिनीत बसवायचं ठरलं. त्यावर रांगोळी काढता येते आणि चाकाला काही लागत नाही. बाईंचा लक्ष्मीशी काही संबंध नाही, पण ती पट्टी बसवताना त्या जमिनीवर आडव्या होऊन डोळा लावून बघत होत्या.

बिल्डिंग उभी राहीपर्यंतचे दिवस वाईट गेले. भाड्यानं घर मिळालं तेही वरच्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. बाई रोज साइटवर जाऊन उभ्या राहायच्या आणि साइटवरचे इंजिनियर मागच्या बाजूनं पळायचे. संध्याकाळी आमच्याकडं येऊन आज कुठला दरवाजा काढून पुन्हा बसवायला लावला, ते आईला सांगायच्या. आम्ही नव्या घरात राहायला आलो आणि बाई सगळ्यांच्या दारांतून एकदा फिरून, सामान बांधून जयसिंगपूरला गेल्या. पुतण्या तिथं घर बांधतोय. "त्याला एकट्याला सोडलं तर बिघडवंल," म्हणाल्या. त्यांचा फ्लॅट आमच्याखाली बंदच आहे, अधूनमधून येऊन खिडक्या उघडून जातात. नवे नियम अजून यायचेच आहेत. बाईंनी मसुद्यावर पाठवलेल्या सूचना कुठल्यातरी ढिगात असतील. "येतील की," फोनवर म्हणतात. "आपल्याला काय, आपलं घर झालंय." आणि लगेच जयसिंगपूरच्या कुठल्या बंगल्याच्या पायऱ्या चुकल्यात ते सुरू होतं. आता गल्लीची बातमी आईच त्यांना सांगते.

गेल्या महिन्यातली गोष्ट. बायको माहेरी गेली होती. मी संध्याकाळी कामावरून घरी आलो. दार नुसतं ओढलेलं. "आई," म्हणून हाक मारली. उत्तर नाही. तिच्या खोलीत बघितलं, बाथरूममध्ये बघितलं, गॅलरीत बघितलं. आई नाही. पडल्यापासून इतक्या वर्षांत मी घरी आलो आणि आई घरात नाही, असं कधी झालंच नव्हतं. शेजारी विचारलं, त्यांना काही माहीत नाही. मला काय करावं सुचेना. जयसिंगपूरला फोन लावला.

"बाई, आई घरात न्हाई!"

"मग?"

"अहो न्हाई म्हंजे कुठंच न्हाई! सगळं घर बघितलं!"

"घरात न्हाईत म्हंजे बाहेर गेल्या असतील," बाई ओरडल्या. "माणसं जातात की बाहेर. कशापायी बोंबलताय?" आणि फोन ठेवून दिला.

मी लिफ्टनं खाली आलो, पळतच गल्लीत शिरलो. कोपऱ्यावर भेळेचा गाडा लागतो. गाड्याच्या कडेला आई खुर्चीत बसली होती. मांडीवर पदर पसरलेला, हातात भेळेचा कागद, तिखटानं नाकाडोळ्यांतून पाणी चाललेलं. दोन कॉलेजच्या पोरींना काहीतरी सांगत होती आणि पोरी हसत होत्या.

"आई! सांगून यायचं न्हाई व्हय?"

आईनं तोंडातला घास संपवला. "तू रोज बाहेर जातोस. मला इचारून जातोस काय रं?"

"चल," म्हणून मी तिच्या खुर्चीला हात घातला, तर तिनं हातावर चापट मारली.

"तू हो म्होरं. माझी भेळ व्हायचीय अजून. मी येते माझी माझी."

मी घराकडं निघालो. मागं वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलंच. तिचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. ती भेळवाल्याला आणखी तिखट घालायला सांगत होती.